फी माफ झाली, पण स्वारगेटला उतरल्यावर पुढं काय?

स्वारगेट (पुणे) : बारावीचा निकाल लागला की स्वारगेट एसटी स्थानकावर एक ओळखीची गर्दी दिसायला लागते. हातात प्लॅस्टिकची फाईल, फाईलमध्ये मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला आणि झेरॉक्सचा गठ्ठा. सोबत वडील, नाहीतर मामा. भोर, वेल्हे, सासवड, बारामती, इंदापूर, पलीकडून वाई, फलटण, महाड अशा गाड्यांमधून ही मंडळी उतरतात आणि पीएमपीचा थांबा विचारत कॉलेजच्या दिशेनं निघतात. संध्याकाळी तीच माणसं पुन्हा फलाटावर दिसतात. सकाळी ‘फी माफ आहे म्हणे’ असं ऐकून आलेली. संध्याकाळी ‘आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत मिळेल’ असं ऐकून परत निघालेली.

या दोन वाक्यांच्या मधे गावाकडच्या मुलाचं शिक्षण अडकतं. शिष्यवृत्ती नाही, असं नाही. महाराष्ट्रात बारावीनंतरच्या मुलांसाठी योजना भरपूर आहेत, आणि त्यातल्या काही खरोखर मोठ्या आहेत. पण योजना फीचा विचार करते, आणि मूल घरी बसतं ते बऱ्याचदा फीमुळं नाही, तर फीच्या आजूबाजूच्या खर्चामुळं आणि पैसे उशिरा येण्यामुळं. हे गणित नीट मांडून बघितलं पाहिजे.

कुणाला काय मिळतं?

आधी मुलींचं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग (एसईबीसी) आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. २०२४-२५ पासून हे लागू झालं. त्याआधी यातल्या बऱ्याच मुलींना पन्नास टक्केच सवलत होती. इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल, लॉ, बीएडसारख्या शिक्षणाची दारं या एका निर्णयानं कितीतरी घरांसाठी उघडली, हे मान्य केलंच पाहिजे.

मुलांचं वेगळं आहे. खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना लागू होते. आपल्याकडं तिला अजूनही ‘ईबीसी’च म्हणतात. तीत व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क निम्मं माफ होतं. २०१६ च्या मराठा मोर्चांनंतर या योजनेची उत्पन्न मर्यादा वाढली आणि पुढं ती ८ लाखांपर्यंत नेली. एका घरातल्या दोनच मुलांना ती मिळते.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. ही देशातली सगळ्यांत जुन्या शिष्यवृत्तींपैकी एक. १९४४ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, ती सुरू झाली. आज तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे. फी तर मिळतेच, शिवाय अभ्यासक्रम आणि वसतिगृहात राहता की घरून येता यानुसार वर्षाला २,५०० ते १३,५०० रुपये भत्ता मिळतो. अनुसूचित जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठी त्या त्या विभागाच्या योजना वेगळ्या आहेत.

या बहुतेक सगळ्या योजनांचा अर्ज एकाच ठिकाणी, महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो. कागदावर बघितलं तर तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक गरीब घराला कुठली ना कुठली योजना लागू पडते. मग अडतं कुठं?

‘फी’ म्हणजे नेमकं काय?

पहिली अडचण शब्दाची आहे. घरच्यांच्या दृष्टीनं फी म्हणजे कॉलेजात भरायचे सगळे पैसे. शासनाच्या दृष्टीनं फी म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. कॉलेजच्या पावतीवर मात्र आणखी ओळी असतात : विकास शुल्क, अनामत, जिमखाना, ग्रंथालय, विमा, ओळखपत्र, गणवेश. मुलींची शंभर टक्के माफीसुद्धा या ओळींना लागू होत नाही.

समजा, एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजचं शिक्षण शुल्क १ लाख आणि विकास शुल्क १० हजार आहे. (आकडे फक्त समजण्यापुरते.) ओबीसी मुलीचे १ लाख माफ झाले, तरी १० हजार आणि किरकोळ शुल्क तिला भरायचंच आहे. तिच्याच वर्गातल्या ईबीसीच्या मुलाला ५० हजार माफ. त्याला ५० हजार आणि वर १० हजार, म्हणजे ६० हजार भरायचे. दोघांचे बाप एकाच बांधावरचे शेतकरी असू शकतात.

दुसरी अडचण प्रवेशाच्या वाटेची. सवलत मिळते ती शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप राउंड’मधून प्रवेश घेतला तरच. संस्थास्तरावरचा किंवा व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश घेतला की सवलत गेली. खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं यांनाही मुलींची मोफत योजना लागू नाही. पुण्यात आणि पुण्याच्या आसपास अशी विद्यापीठं बरीच आहेत. त्यांच्या जाहिराती एसटीच्या मागं असतात, मोबाईलवर असतात. गावाकडच्या माणसाला ‘कॉलेज’ आणि ‘विद्यापीठ’ यातला हा फरक कुणी सांगत नाही. तिसऱ्या फेरीची वाट बघायचा धीर सुटतो, एजंट म्हणतो ‘सीट पक्की करून देतो’, आणि घर चार वर्षांची सवलत एका सहीत गमावून बसतं.

पैसे येतात, पण कधी?

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी : वेळ. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होतो. महाडीबीटीचा अर्ज त्यानंतर. अर्ज आधी कॉलेजचा क्लार्क तपासतो, मग प्राचार्यांची मंजुरी, मग शासनाच्या विभागाची. एखादा कागद अस्पष्ट दिसला तर अर्ज माघारी. दुरुस्त करून पुन्हा तीच वारी. पैसे हप्त्यानं येतात. पहिला हप्ता वर्ष संपता संपता आला, दुसरा पुढच्या वर्षी आला, हा अनुभव तालुक्यातल्या कुठल्याही घरी ऐकायला मिळेल. कॉलेजला मात्र पैसे प्रवेशाच्या दिवशी हवे असतात.

पूर्वी फीची रक्कम बरीचशी सरकार आणि कॉलेज यांच्यात परस्पर मिटायची. आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करण्याचं धोरण आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांचा सुमारे ५९ हजार कोटींचा आराखडा मंजूर केला. त्यात ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा ठरला आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात जाऊ लागला. हेतू चांगला होता. बोगस विद्यार्थी दाखवून पैसे लाटणाऱ्या संस्थांना आळा बसायला हवाच होता.

पण त्याचा एक परिणाम असा झाला की वसुलीची जबाबदारी मुलावर आली. राज्याचा वाटा एका वेळी, केंद्राचा दुसऱ्या वेळी. एक आला, दुसरा राहिला. आणि कॉलेजचा क्लार्क परीक्षेच्या फॉर्मवर सही करायच्या आधी विचारतो, ‘बाकी कधी भरणार?’ त्यात बँक खात्याचा घोळ. पैसे त्याच खात्यात जातात जे आधारला शेवटी जोडलं गेलं. मधेच कुठल्या तरी दुसऱ्या योजनेसाठी आईबरोबर जाऊन नवं खातं उघडलं असेल, तर शिष्यवृत्ती तिकडं जाऊन पडते आणि मूल जुन्या पासबुकावर एन्ट्री मारत बसतं.

नियम कॉलेजच्या बाजूचा नाही, हे लक्षात ठेवा. पात्र मुला-मुलींकडून सवलतीची रक्कम प्रवेशाच्या वेळी घेऊ नका, अशा सूचना राज्य शासनानं कॉलेजांना वारंवार दिल्या आहेत. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीसाठीच्या केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ‘फ्रीशिप कार्ड’ची तरतूद आहे. ते कार्ड दाखवून, आधी फी न भरता प्रवेश घ्यायचा आणि पैसे आल्यावर भरायचे. पण काउंटरवर उभा असलेला बाप शासन निर्णय काढून दाखवू शकत नाही. त्याला सीट जाईल याची भीती असते. मग कुणी पुढच्या तारखेचा चेक देतं, कुणी हमीपत्र लिहून देतं, कुणी पतसंस्थेतून कर्ज काढतं, कुणी दुधाच्या बिलावर उचल घेतं आणि कुणी आईचा डाग गहाण ठेवतं. सरकार जी फी माफ केली म्हणतं, तिच्यावर घर आठ-दहा महिने व्याज भरतं. हे व्याज कुठल्याही योजनेच्या हिशेबात नाही.

कॉलेजांचीही एक बाजू आहे. विनाअनुदानित संस्थांचे पगार फीवरच चालतात. शासनाकडून प्रतिपूर्तीची रक्कम थकली की त्यांचंही अडतं. पण संस्था बँकेकडं जाऊ शकते, शासनाकडं दाद मागू शकते. दोन एकरवाला शेतकरी ते करू शकत नाही. उशिराचा भार सगळ्यांत अशक्त माणसानं उचलावा, अशी ही रचना झाली आहे.

राहायचं कुठं, खायचं काय?

समजा फीचं जमलं. आता स्वारगेटला उतरलेलं मूल राहणार कुठं? शासकीय वसतिगृहांत जागा कमी, अर्ज जास्त. म्हणून वसतिगृहात नंबर न लागलेल्यांना रोख रक्कम देणाऱ्या योजना आल्या. अनुसूचित जातीसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, आणि अलीकडं ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे.

पुण्या-मुंबईत शिकणाऱ्याला स्वाधारचे वर्षाला ६० हजार मिळतात : जेवणाला ३२ हजार, राहण्याला २० हजार, इतर खर्चाला ८ हजार. म्हणजे कॉलेजचे दहा महिने धरले तर जेवणाला महिना ३,२०० आणि खोलीला महिना २,०००. पेठांमध्ये किंवा कात्रज-धनकवडीकडं कॉट बेसिसवर राहणारी आणि खानावळीचा डबा लावणारी तुमच्या गावची मुलं असतील. त्यांना एकदा विचारा, या पैशात काय काय बसतं. आणि हेही विचारा, की पैसे आले कधी. खोलीचं डिपॉझिट आणि खानावळीचं भाडं पहिल्या तारखेला द्यावं लागतं.

आधार योजनेत तर संख्याच ठरलेली आहे : प्रत्येक जिल्ह्यासाठी ६०० विद्यार्थी, राज्यात एकूण २१,६००. ज्या पुण्यात राज्यभरातून मुलं शिकायला येतात, त्या पुण्यालाही आकडा ६००. गुणवत्ता यादी लागते, वरचे घेतले जातात, बाकीच्यांना काहीच नाही. फी माफीला पात्र असलेली मुलगी राहण्याच्या योजनेत बसेलच असं नाही, आणि पुण्यात राहता आलं नाही तर त्या फी माफीचा तिला काहीच उपयोग होत नाही.

मग अप-डाऊन करायचं?

राहणं जमत नाही म्हणून भोर, सासवड, नसरापूर, खेड शिवापूर भागातली बरीच मुलं रोज ये-जा करतात. एसटीचा विद्यार्थी पास हा त्यांचा मोठा आधार आहे. भाड्यात जवळपास ६७ टक्के सवलत मिळते. गावातल्या मुलींना तर अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पास पूर्ण मोफत असतो.

‘बारावीपर्यंत’ हा शब्द पुन्हा वाचा. बारावीची परीक्षा दिली, की ज्या दिवसापासून तिला लांबच्या कॉलेजला जायचंय, त्याच दिवसापासून मोफत पास थांबतो. पुढं पासचे एक तृतीयांश पैसे भरायचे. त्यात २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं. रक्कम फार मोठी नाही, असं पुण्यातल्या माणसाला वाटेल. पण स्वारगेटपासून पुढं पीएमपी किंवा मेट्रोचे पैसे वेगळे, आणि हे दर महिन्याला आहे.

पैशापेक्षा मोठा प्रश्न वेळेचा आणि सुरक्षिततेचा. प्रॅक्टिकल संध्याकाळी सुटतं आणि गावची शेवटची गाडी त्याआधीच निघून गेलेली असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट स्थानकातच, उभ्या असलेल्या बसमध्ये पहाटेच्या वेळी एका तरुणीवर अत्याचार झाला. त्या बातमीनंतर गावोगावी ‘आता हिला रोज पुण्याला पाठवायचं का?’ ही चर्चा झाली. आरोपी पकडला गेला, स्थानकावर बंदोबस्त वाढला. पण घराच्या मनात बसलेली भीती जीआरनं जात नाही. मुलींच्या फी माफीचा खरा उपयोग व्हायचा असेल, तर मुलींचं वसतिगृह आणि संध्याकाळची खात्रीची एसटी हे दोन्ही त्या योजनेचेच भाग मानावे लागतील. आज ते तीन वेगळ्या खात्यांचे तीन वेगळे विषय आहेत.

आपल्याकडं आधी राहण्याची सोय झाली, मग शाळेची

गंमत म्हणजे हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह काढलं आणि पुढं जाती-जातींची वसतिगृहं उभी राहायला मदत केली. खेड्यातलं पोर शिकत नाही याचं कारण त्यांनी नेमकं ओळखलं होतं : शहरात त्याला उतरायला जागा नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातीच्या मुलांचं एकत्र वसतिगृह काढलं. तिथं मुलं काम करून शिकायची. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. शंभर वर्षांनंतरही तालुक्यातल्या आया शिक्षणासाठी दागिनेच काढून देतायत. फरक एवढाच की आता वर ‘मोफत शिक्षण’ असं लिहिलेलं असतं.

सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, तेव्हा महिन्याला साडेअकरा पौंड ठरवून दिले, तेही तीन वर्षांसाठी. रक्कम किती, कधीपर्यंत, हे आधी ठरलेलं. आणि खुद्द पुण्यात १९५५ पासून डॉ. अच्युतराव आपटे यांनी उभी केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती खेड्यातून आलेल्या मुलामुलींना कमी खर्चात राहण्या-जेवणाची सोय देते आहे. विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना कर्मवीरांच्याच नावानं चालते. म्हणजे वाट कुणी दाखवली नव्हती, असं नाही. आपण फीच्या मागं लागलो आणि भाकरीची आणि खोलीची गोष्ट मागं टाकली.

एका गावानं दिलेला शब्द

बाहेरचं एक उदाहरण इथं उपयोगी आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात कालामझू नावाचं एक मध्यम गाव आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये तिथं जाहीर झालं की गावातल्या सरकारी शाळांतून पास होणाऱ्या प्रत्येक मुलाची राज्यातल्या सरकारी कॉलेजची फी भरली जाईल. पैसे देणाऱ्यांनी नावं सांगितली नाहीत. उत्पन्नाची अट नाही, गुणवत्ता यादी नाही. अट एकच : तुम्ही गावच्या शाळेत किती वर्षं शिकलात. पहिल्यापासून असाल तर पूर्ण फी, नववीत आला असाल तर ६५ टक्के. त्यानंतर गावच्या सरकारी शाळांमधली घटणारी पटसंख्या पुन्हा वाढली.

आपल्याकडं हे जसंच्या तसं होणार नाही. तिकडची श्रीमंती वेगळी, गाव वेगळं. पण त्या योजनेत शिकण्यासारखं आहे ते रकमेत नाही, खात्रीत आहे. तिथल्या सातवीतल्या मुलाला माहीत असतं की आपल्याला इतके पैसे मिळणार आहेत. आपल्या इंदापूरच्या किंवा वेल्ह्याच्या मुलाला बारावी होऊन, प्रवेश घेऊन, सहा महिने वर्गात बसल्यावरही माहीत नसतं. ज्याला खात्री नाही ते घर जोखीम घेत नाही. ते मुलाला आयटीआयला किंवा एमआयडीसीत कंत्राटी कामाला लावतं, आणि मुलीचं स्थळ बघायला लागतं.

काही जण म्हणतील, कर्ज आहे ना. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तीत तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. पण ती देशातल्या निवडक, वरच्या क्रमांकाच्या सुमारे ८६० संस्थांसाठी. तालुक्यातली बहुतेक मुलं ज्या कॉलेजांत जातात, ती या यादीत नसतात.

मग करायचं काय?

शासनाकडून मागायच्या गोष्टी तीन आहेत, आणि तिन्ही करता येण्यासारख्या आहेत. एक, मोफत पासची बारावीची मर्यादा काढून पदवीपर्यंत न्यावी. दोन, राहण्याच्या योजनांचा पहिला हप्ता कॉलेज सुरू होताना द्यावा, आणि आधार योजनेची संख्या सगळ्या जिल्ह्यांना सारखी न ठेवता जिथं विद्यार्थी जास्त तिथं जास्त ठेवावी. तीन, प्रवेशाच्या वेळी सवलतीची रक्कम मागणाऱ्या कॉलेजची तक्रार तालुक्यातच, तहसील किंवा पंचायत समितीत घेतली जावी. त्यासाठी पुण्याला दोन खेपा घालाव्या लागू नयेत.

पण सगळं सरकारवर सोडून चालणार नाही. मधल्या आठ-दहा महिन्यांची खिंड तालुका स्वतः भरू शकतो. समजा एका तालुक्यातली १०० मुलं अशी आहेत, ज्यांची शिष्यवृत्ती येणार हे नक्की आहे, पण आज प्रत्येकी २० हजार हवेत. म्हणजे २० लाख. हे दान नाही, उचल आहे. शिष्यवृत्ती आली की मुलानं परत करायची आणि तेच पैसे पुढच्या वर्षीच्या मुलांना द्यायचे. साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था, बाजार समित्या, यात्रा कमिट्या आणि दहावीच्या माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप ज्या तालुक्यात आहेत, तिथं २० लाखांचा फिरता निधी उभा राहू शकत नाही, असं कुणी म्हणू नये. एका मोठ्या दहीहंडीच्या बक्षिसाची चर्चा आपण महिनाभर करतो.

यात धोका आहे. अर्ज बाद झाला तर पैसे अडकतात. म्हणून उचल द्यायच्या आधी कुणीतरी जाणत्या माणसानं कागद तपासले पाहिजेत. निवृत्त शिक्षक, कॉलेजचा माजी क्लार्क, सेतू केंद्र चालवणारा तरुण, असे दोघं-तिघं प्रत्येक गावात असतात. खरं सांगायचं तर ही कागद-तपासणीच पैशांइतकी मोलाची आहे. कारण बरेच अर्ज अडतात ते कागदापायी.

घरच्यांसाठी : आत्ताच करून ठेवा

बारावीची वाट बघू नका. अकरावीतच जातीचा दाखला आणि जात पडताळणीचा अर्ज करून टाका. पडताळणीला वेळ लागतो. अधिवास दाखला एकदाच काढायचा असतो. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर प्रवेशाच्या वर्षी चालू मुदतीतला लागतो, तो एप्रिल उजाडला की काढा. जूनमध्ये सेतूबाहेर रांग लागते. दाखला किती दिवसांत द्यायचा याची मुदत लोकसेवा हक्क कायदा, २०१५ नं बांधून दिली आहे. अर्जाची पावती जपून ठेवा, मुदत उलटली तर अपील करता येतं.

मुलाच्या नावाचं खातं आधारला जोडलंय का, हे बँकेत जाऊन विचारा आणि शिष्यवृत्तीचं वर्ष संपेपर्यंत दुसरं खातं आधारला जोडू नका. नावाचं स्पेलिंग आधार, मार्कलिस्ट आणि पासबुक, तिन्हीकडं सारखं आहे का बघा.

प्रवेश घेताना तीन प्रश्न विचारा : हा प्रवेश कॅपमधला आहे का? हे कॉलेज विद्यापीठाला संलग्न आहे की स्वतःच खासगी किंवा अभिमत विद्यापीठ आहे? पावतीवर शिक्षण शुल्क किती आणि इतर किती? उत्तर लेखी घ्या. पैसे दिले तर पावतीशिवाय देऊ नका. मूळ कागदपत्रं तपासून परत द्यायची असतात, अडकवून ठेवता येत नाहीत. यूजीसीनं २०१८ मध्येच तसं बजावलं आहे.

पुढचा निकाल लागेल, तेव्हा पुन्हा तीच फाईल घेतलेली गर्दी स्वारगेटला उतरेल. त्यातली किती मुलं संध्याकाळच्या गाडीनं परत येतील आणि किती पुण्यात टिकतील, हे मुंबईतल्या जीआरनं थोडंफार ठरेल. बाकीचं आपल्या तालुक्यात, निकालाच्या आधीच्या चार महिन्यांत ठरतं. ग्रामसभेत रस्ता, गटार, पाणी हे विषय असतातच. यंदा त्यात एक ओळ वाढवा : आपल्या गावातून बारावीला किती पोरं-पोरी बसल्यात, आणि कुणाचे कागद अजून व्हायचे आहेत?